स्लो धरत नाही

जुनी गाडी बाळगणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य वर्षातून दोनदा तरी येतंच: "गाडी स्लो धरत नाही हो." स्लो म्हणजे पाय न देता इंजिनाने हळू फिरत राहणं. तशी पळते छान. चढ चढते, ओव्हरटेकला मागे हटत नाही. पण सिग्नलला थांबून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की आधी एक थरथर, मग दमेकऱ्यासारखी उचकी, आणि डॅशबोर्डवर लाल दिवा. आपला हात चावीपर्यंत पोचायच्या आत मागच्याचा हॉर्न वाजलेला असतो.

माझ्या गाडीने हे नाटक सुरू केलं तेव्हा मी केलं ते सगळेच करतात. बॉनेट उघडलं, एअर क्लीनर काढून बाजूला ठेवला, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कार्ब्युरेटरवर, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भांड्यावर, जो स्क्रू समोर दिसला तो पिळला. स्लो वाढला. गाडी बंद पडायची थांबली. मी हात पुसत घरात आलो तो एखादं ऑपरेशन यशस्वी केल्याच्या थाटात.

त्या आठवड्यात नवीनच प्रकार सुरू झाला. गाडी उभी करून चावी काढून घेतली तरी इंजिन थांबेना. गदागदा हलत, खोकत, चार-पाच गचके देऊन मग एकदाचं गप्प व्हायचं. चावी माझ्या हातात आणि इंजिन स्वतःच्या मर्जीने फिरतंय! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी चक्क एक पाऊल मागे सरकलो. कारण साधं होतं. मी स्लो मिनिटाला ८०० फेऱ्यांवरून १२००वर नेऊन ठेवला होता. थ्रॉटलची पाकळी, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडमिट होणारी हवेच्या वाटेतली चकती, जास्त उघडी राहिली, त्यामुळे ठिणगी बंद झाल्यावरही पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येत राहिलं आणि तापलेल्या सिलिंडरमध्ये आपसूक पेटत राहिलं. म्हणजे मी दुखणं बरं केलं नव्हतं. त्याला फक्त दुसऱ्या खोलीत नेऊन बसवलं होतं.

त्या पाकळीबद्दल जरा सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथे आहे.

कार्ब्युरेटरची मूळ युक्ती फार सुंदर आहे. नळी मध्येच अरुंद केली की तिथून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरीने १७९७ साली यावर लिहिलं, म्हणून त्या अरुंद भागाला आजही व्हेंच्युरीच म्हणतात. तिथे एक बारीक तोटी, म्हणजे जेट, ठेवली की शेजारच्या वाटीतलं पेट्रोल आपोआप खेचलं जातं आणि त्याचा फवारा उडतो. फवाऱ्याचा हा कार्ब्युरेटर १८९३च्या सुमारास जर्मनीत मायबाखने केला आणि त्याच वर्षी हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनी तशाच कल्पनेचं पेटंट घेतलं. ना पंप, ना वीज, ना सेन्सर. इंजिनानेच श्वास घ्यायचा आणि त्या श्वासानेच आपलं पेट्रोल ओढायचं.

पण स्लोवर ही युक्ती चालतच नाही. पाय उचलला की पाकळी जवळजवळ मिटते. व्हेंच्युरीतून जाणारी हवा इतकी मंद होते की तिला पेट्रोलचा थेंबही उचलवत नाही. मोठी जेट तिथल्या तिथे बेकार. म्हणून कार्ब्युरेटर बनवणाऱ्यांना दुसरी, चोरवाट काढावी लागली: मिटलेल्या पाकळीच्या खालच्या बाजूला एक भोक, त्याला जोडलेली स्लो जेट आणि त्या भोकात शिरणारा एक टोकदार स्क्रू, मिश्रणाचा. पाकळीच्या वर साधी हवा असते, खाली मात्र इंजिन जीव खाऊन ओढत असतं. धडधाकट इंजिनाच्या मॅनिफोल्डला, म्हणजे कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या नळीला, ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज लावलं तर स्लोवर काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांच्या दरम्यान उभा राहतो. समुद्रसपाटीला हवेचा पूर्ण दाब साधारण ३० इंच. म्हणजे पाकळीखाली निम्म्याहून जास्त हवा गायब. ही ओढच त्या चोरवाटेने पेट्रोल आणते.

(काही कार्ब्युरेटरांत ही भानगड नसते. एसयू घराण्यातला असेल तर त्यात पिस्टन वरखाली होतो आणि एकच जेट स्लोपासून पूर्ण वेगापर्यंत सगळं सांभाळते. त्यांची दुखणी निराळी. माझा साधा, एका नळीचा, हवा वरून खाली ओढणारा.)

आता एक ढोबळ हिशोब, जो मी नंतर, शहाणपण आल्यावर केला. इंजिन १.२ लिटरचं, स्लो ८००चा. चार स्ट्रोकचं, म्हणजे दोन फेऱ्यांत एक श्वास, त्यामुळे मिनिटाला ४०० वेळा पूर्ण श्वास, म्हणजे ४८० लिटर. पण मॅनिफोल्डमधली हवा विरळ, त्यामुळे बाहेरच्या दाबाने मोजली तर जेमतेम १९० लिटर. सेकंदाला तीन लिटर. एवढी हवा त्या जोरदार ओढीने आत यायला पाकळीच्या कडेला मिळून साधारण १५ चौरस मिलिमीटरची फट पुरते. करंगळीच्या नखाचा छोटासा तुकडा म्हणा. आता याच मॅनिफोल्डला कुठेतरी कागदाच्या जाडीची, ०.१ मिलिमीटरची फट पडली आणि ती २० मिलिमीटर लांब असली, तर झाली २ चौरस मिलिमीटर. इंजिनाच्या एकूण श्वासात १०-१२ टक्के अशी हवा घुसली जिने कार्ब्युरेटरचं तोंडही पाहिलेलं नाही. पाकळी पूर्ण उघडून गाडी पळवली तर ही गळती समुद्रात लोटा. स्लोवर मात्र तेवढीच गाडी बंद पाडते.

म्हणून पळणारी गाडी खोटं बोलते. वेगात इंजिनाकडे सगळंच उदंड असतं आणि उदंडपणात बारीकसारीक दोष झाकले जातात. स्लोवर ते जेमतेम स्वतःला फिरवण्यापुरतं कमावतं. त्यातून एका सिलिंडरने थोडी कामचुकारी केली, ठिणगी थोडी उशिरा पडली, हवा थोडी जास्त आली, डायनॅमोवर हेडलाइटचा भार पडला, की हिशोब तोट्यात जातो. माझी गाडी दिवे लावल्यावर आणखी थरथरायची. मला वाटायचं वायरिंगचा दोष. वायरिंगने काही केलं नव्हतं, दिवे फक्त खिशातलं शेवटचं नाणं काढून घेत होते.

एवढं सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी स्क्रू पिळत होतो. महिनाभर. पाव फेरा आत, अर्धा फेरा बाहेर. कधी वाटायचं जमलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी तर मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत बसवला तरी इंजिन चालूच राहायला लागलं, म्हणजे त्या स्क्रूचा इंजिनाशी संबंधच उरला नाही. हे फार मोठं निदान होतं, पण मला वाचता आलं नाही. स्लोचा स्क्रू पिळून पिळून मी पाकळी इतकी उघडली होती की तिने वरची बदलाची भोकंही उघडी पाडली होती. ॲक्सिलरेटर दाबायला सुरुवात केली की गाडीने अडखळू नये म्हणून ठेवलेली ती भोकं. आता पेट्रोल तिथूनच येत होतं. नळ बंद करतोय म्हणून मी ज्याची चावी पिळत होतो त्या नळाला पाणीच नव्हतं.

मग मिस्त्रींना गाठलं. निवृत्त माणूस, गॅरेज केव्हाच मुलाच्या हवाली केलेलं, पण कार्ब्युरेटरची गाडी म्हटल्यावर आले. येताना त्यांनी हत्यारांची पेटी आणली नाही. मी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि माझ्या आवाक्याबाहेर, भिंतीवरच्या फळीवर ठेवून दिला.

"तो आत्ता लागत नाही. गाडी चालू करा."

इंजिन तापेपर्यंत ते नुसते उभे राहिले. मग सायलेन्सरच्या तोंडासमोर, जरा अंतरावर, तळहात धरला. परत येऊन एअर क्लीनर काढलेल्या कार्ब्युरेटरच्या तोंडावर तोच तळहात हळूहळू सरकवला, पाऊण तोंड झाकेपर्यंत. मला वाटलं आता गुदमरून बंद पडणार. झालं उलटंच. धापा टाकणारं इंजिन सावरलं, आवाज गोल झाला, फेरे वाढले. हात काढला, पुन्हा थरथर. हात ठेवला, पुन्हा शांत.

"हवा खातंय कुठूनतरी," ते म्हणाले. "हाताने मी चोक दिला तर खूश होतंय. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर हवा जास्त होतेय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात पडलं की सकाळी थंड इंजिन असताना चोक, म्हणजे हवा अडवून मिश्रण घट्ट करणारी झडप, ओढलेला असेपर्यंत गाडी कशी शहाण्यासारखी चालते आणि तापल्यावर चोक आत घेतला की का बिघडते. चोकचं घट्ट मिश्रण जादा हवेवर पांघरूण घालत होतं. मी मात्र "तापल्यावर बिघडते म्हणजे उष्णतेचा दोष" असं ठरवून पेट्रोलच्या नळीला कापड गुंडाळून बसलो होतो.

हवेची वाट लगेच शोधू म्हटलं, तर मिस्त्री तयार होईनात. त्यांचा क्रम ठरलेला. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची ढिलाई), मग पॉइंट (ठिणगी पाडणारे संपर्क), मग टायमिंग (ठिणगीची वेळ), आणि कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. कार्ब्युरेटरची निम्मी दुखणी डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डब्यात, असतात असं त्यांचं म्हणणं, आणि मेकॅनिक मंडळींत हे बहुतेक सगळेच म्हणतात. टॅपेट ठीक निघाले, एक जरा सैल. सैल टॅपेट वाजतो म्हणून त्याची काळजी करू नका, घट्ट असतो तो बोलत नाही आणि व्हॉल्व्ह जाळतो, हेही ऐकून घेतलं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. पॉइंटमध्ये फीलर गेजचं, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांतलं, ०.४ मिलिमीटरचं पान जायला हवं होतं, ०.२५चं जेमतेम गेलं. कॅमवर घासणारी टाच झिजून गॅप मिटत आला होता. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते, टायमिंग आपोआप मागे जातं. हे वेगात चटकन कळत नाही, स्लोवर लगेच कळतं. पॉइंट घासून गॅप लावला, टायमिंग लाइटने खूण जुळवली. स्लो लगेच शंभर-सव्वाशे फेऱ्यांनी वर आला. तोवर मी कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून जे मिळवत होतो ते हेच, दुसऱ्याच्या खिशातून काढलेलं.

तरी उचकी राहिलीच. व्हॅक्यूम गेज लावलं तर काटा १४वर. थरथर नाही, नुसता खाली.

आता हवेची वाट. ब्रेक हलका करणाऱ्या सर्व्होकडे जाणारी जाड नळी चिमटली, फरक नाही. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमची बारीक नळी काढून भोक बोटाने बंद केलं, फरक नाही. मग मिस्त्रींनी हातभर रबरी नळी मागितली. एक टोक कानाला, दुसरं टोक मॅनिफोल्डच्या जोडांवरून सावकाश फिरवायचं, डॉक्टर छातीवर फिरवतात तसं. पंख्याच्या पट्ट्यापासून बाही आणि नळी दोन्ही लांब ठेवायची, हे त्यांनी दोनदा बजावलं. मी नळी कानाला लावली. आधी नुसता गोंगाट. टॅपेटची टकटक, पंख्याची घरघर. कार्ब्युरेटरच्या बुडाशी, मागच्या अंगाला आलो आणि एकदम सगळ्याच्या वर एक बारीक, सलग सुस्कारा. सापाच्या फुत्कारासारखा म्हणणार होतो, पण तो तसा रागीट नव्हता. दारं-खिडक्या लावलेल्या घरात एखाद्या फटीतून रात्रभर वारा गात असतो, तसा. खात्री करायला क्लीनरच्या स्प्रेचा एक अगदी छोटा फवारा तिथे मारला, आणि फेरे लगेच बदलले. (तापलेल्या एक्झॉस्टच्या नळीवरच हे चाललेलं असतं आणि तो स्प्रे भडकतो. आग विझवायचा सिलिंडर हाताशी नसेल तर रबरी नळीवरच थांबावं. मी घाबरट आहे आणि त्याची मला लाज नाही.)

गाडी थंड झाल्यावर कार्ब्युरेटर उतरवला. दोन नट, एक केबल, एक पेट्रोलची नळी. बुडाखाली काळा बेकेलाइटचा ठोकळा होता, इंजिनाची उष्णता वर चढू नये म्हणून घातलेला. बेकेलाइट, म्हणजे बेकलँडने १९०७ साली केलेलं ते पहिलं खरंखुरं कृत्रिम प्लास्टिक. तो ठोकळा शाबूत होता, सपाट होता. दोष त्याच्या वर होता. मिस्त्रींनी काचेचा तुकडा मागितला, त्यावर कार्ब्युरेटर उभा ठेवला आणि मागे टॉर्च धरली. दोन्ही टोकांना, नटांच्या भोकांपाशी, बूड काचेला चिकटलेलं. मध्ये, जिथे प्रत्यक्ष नळी आहे तिथे, उजेडाची एक बारीक कमान. ०.१५ मिलिमीटरचं पान तिच्यातून सहज आत-बाहेर होत होतं.

"कोणी आवळलंय हे?" त्यांनी विचारलं.

मीच. सहा महिन्यांपूर्वी त्या जोडापाशी पेट्रोलचा तपकिरी डाग दिसला होता. मी नट आवळले. पुन्हा डाग दिसला, पुन्हा आवळले, या वेळी लांब पाना लावून. जस्ताच्या मिश्रधातूचं ते बूड, त्याला दोनच कान, खाली मऊ पॅकिंग. जोर लावला की कान खाली झुकतात आणि मधला भाग कमानीसारखा वर उचलला जातो. मी जितका आवळत गेलो तितकी फट वाढत गेली, आणि फट वाढली की आणखी आवळायला हवं असं मला वाटत गेलं. मिस्त्री काही बोलले नाहीत. लांब पाना उचलून तोही फळीवर ठेवला.

पुढचं काम मी केलं, त्यांनी बघितलं. काचेवर पाण्यात भिजवलेला २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला. बुडावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारल्या. मग दोन्ही हातांनी, दाब न देता, आठच्या आकड्यासारखं फिरवत घासायचं. दहा-बारा वेळा फिरवून उलटं करून बघितलं की फक्त कानांवरच्या रेघा गेलेल्या, मधल्या तशाच. पुन्हा घासा. तासाभराने रेघा हळूहळू मध्याकडे मिटत गेल्या. शेवटची एक रेघ, नळीच्या अगदी काठावरची, जायला तयार नव्हती. तिच्यासाठी पंधरा मिनिटं गेली. नंतर ४०० नंबरचा कागद. काचेवर ठेवून टॉर्च धरली, अंधार.

उतरवलाच आहे तर म्हणून स्लो जेटही काढली. पितळेची, तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी, वर ४५ आकडा. म्हणजे भोक ०.४५ मिलिमीटरचं. उजेडाकडे धरून डोळा लावला तर गोल भोकाच्या एका बाजूला काहीतरी केसाळ चिकटलेलं. मी तार शोधायला लागलो तर मिस्त्रींनी नुसतं बघितलं. पितळ मऊ, लोखंडी तारेने भोक मोठं होतं आणि मग आकड्याला अर्थ राहत नाही. ब्रशचा एक नायलॉनचा केस तोडून त्याने ते काढलं, मग सायकलच्या पंपाने हवा मारली. भोक पूर्ण गोल दिसलं. एवढ्याशा भोकातून स्लोवरचं सगळं पेट्रोल जातं. माझा महिनाभराचा त्रास आणि त्या वेळी मी कार्ब्युरेटरबद्दल जे काही बोललो होतो ते सगळं आठवून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

नवं पॅकिंग घातलं. नट आळीपाळीने, आधी बोटांनी, मग आखूड पान्याने पाव-पाव फेरा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकवून दीड फेरा बाहेर, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. ते पुस्तक माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं.

इंजिन तापलं. मिस्त्रींनी फळीवरून स्क्रू ड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. आता मिश्रणाचा स्क्रू आत पिळला की इंजिन खरोखर अडखळत होतं, बाहेर काढला की सावरत होतं, आणखी काढला की जड होत होतं. मधली ती जागा, जिथे आवाज सगळ्यात भरीव लागतो, कानाने शोधायची. मग स्लोचा स्क्रू मागे घेऊन फेरे ८००वर आणायचे, पुन्हा मिश्रण, पुन्हा फेरे. काटा १९वर. दिवे लावले तर जरासा खाली येऊन परत आला. ८०० फेरे म्हणजे चार सिलिंडर मिळून सेकंदाला २६-२७ स्फोट, आणि त्यातला एखादा चुकला तर आता तो ऐकू येत होता.

आणि चुकतो, अधूनमधून. पाकळीचा दांडा त्याच्या भोकात किंचित सैल आहे, बोटांनी हलवला तर कळतो. त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडल्यावर पाकळी प्रत्येक वेळी नेमकी त्याच जागी बसत नाही. स्लो कधी ७८०ला थांबतो, कधी ८५०ला. दांड्याला नवीन बुश घालता येतात, पण त्यासाठी कार्ब्युरेटर पुन्हा उतरवायला हवा, म्हणजे त्या दोन नटांना पुन्हा हात लावायला हवा. मिस्त्री म्हणाले, घाई नाही. लांब पाना अजून फळीवरच आहे.